समुपदेशकाला समन्स काढण्याआधी

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण कोर्टकचेरीचा विषय निघाला की हमखास ऐकू येते. न्यायालय सत्य शोधतं, सत्य शोधणाऱ्यापासून काही लपवायचं नसतं, तेव्हा ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने शपथेवर सांगून मोकळं व्हावं. मग तो शेजारी असो, डॉक्टर असो की समुपदेशक. चांगली शिकलेली माणसंही असं बोलतात, आणि बोलताना आपण न्यायाच्या बाजूने उभे आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. माझ्या मते हा विचार उथळ आहे. त्याने न्यायाचं भलं होत नाही, सत्याचंही होत नाही. भोर आणि वेल्हे यांसारख्या तालुक्यांत तर ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच तोंडाला तो कुलूप घालतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. मदतीसाठी आलेला माणूस समुपदेशकापाशी जे बोलतो, ते न्यायालयालाही सहजासहजी मागता येऊ नये. वकिलापाशी बोललेल्या शब्दाला कायदा जे संरक्षण देतो, त्याच तोलाचं संरक्षण या बोलण्याला मिळावं. अपवाद असावेत, पण मोजके आणि आधी जाहीर केलेले. आणि हे संरक्षण ऐकणाऱ्याच्या पदवीवर नव्हे, त्याच्या कामावर ठरावं. पदवीवर ठरलं तर ते पुण्यात मिळेल, वेल्ह्यात मिळणार नाही.

१. दोन गोष्टींची गल्लत

गुप्ततेबद्दल बोलताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. समुपदेशकाने बाहेर वाच्यता करायची नाही, ही एक. न्यायालयाने विचारलं तरी त्याला गप्प राहता यावं, ही दुसरी. पहिली आपल्याकडे बऱ्यापैकी आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आणि तिच्यावर उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचं बंधन घातलं. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांतही हे बंधन आहे.

दुसरी गोष्ट मात्र जवळजवळ नाहीच. त्याच कलम २३ मध्ये उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, मानसिक आरोग्य मंडळ किंवा कायद्याने अधिकार असलेलं अन्य प्राधिकरण यांच्या आदेशाने माहिती देता येते. डॉक्टरांचे आचारनियम तर न्यायाधीशाने आदेश दिला की गुपित सांगायला थेट मोकळीक देतात. पण असा आदेश केव्हा द्यावा, किती माहिती मागावी, ज्याचं गुपित आहे त्याचं आधी ऐकून घ्यावं की नाही, याची कसोटी तिथे लिहिलेली नाही. शिवाय कलम २३ आहे 'मानसिक आजार असलेल्या व्यक्ती'साठी. नवऱ्याच्या मारहाणीने खचलेली, झोप उडालेली बाई आजारी असेलच असं नाही. ती दुःखी आहे, भेदरलेली आहे. तिला या कलमाचा आधार मागताना आधी स्वतःवर आजाराचा शिक्का मारून घ्यावा लागेल.

आता पुराव्याचा कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. कोणाच्या बोलण्याला संरक्षण आहे, याची यादी कलम १२८ पासून पुढे आहे: पती-पत्नीतलं बोलणं, शासनाचे अप्रकाशित कागद, पोलिसाला खबर देणाऱ्याची ओळख, वकील आणि अशील यांच्यातला व्यवहार. डॉक्टर त्यात नाही, समुपदेशकही नाही. याची मुळं लंडनमधल्या १७७६ च्या एका खटल्यापर्यंत जातात. डचेस ऑफ किंग्स्टन यांच्यावरच्या द्विविवाहाच्या खटल्यात शस्त्रवैद्य सीझर हॉकिन्स यांनी आपल्याला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करायला का-कू केली, तेव्हा न्यायालयात ती सांगावीच लागेल, असं लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ठरवलं. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी आपला १८७२ चा कायदा रचला तो याच परंपरेत. तेव्हा समुपदेशन हा व्यवसायच नव्हता, त्यामुळे स्टीफन यांना दोष देता येत नाही. पण दीडशे वर्षांनी तोच कायदा नव्याने लिहिला गेला तेव्हा हा व्यवसाय होता, २०१७ चा कायदा होता, गोपनीयतेला मूलभूत हक्क मानणारा पुट्टस्वामी खटल्याचा नऊ न्यायाधीशांचा निकालही होता. तरी यादी होती तशीच राहिली. ही संधी हुकली याचं मला फार वाईट वाटतं.

२. भोर-वेल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार का

पुणे जिल्ह्यातला सर्वांत कमी वस्तीचा तालुका वेल्हे. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये त्याला राजगड हे नाव द्यायला मंजुरी दिली. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. तोरण्या-राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांत, इकडे भाटघर आणि नीरा देवघरच्या पाणलोटातल्या गावांत माणसं एकमेकांना नावाने नव्हे, घराण्याने ओळखतात. बाई एसटीत चढली की 'कुठं निघालीस गं?' हा प्रश्न तिच्या आधी सीटवर बसलेला असतो.

सरकारी रुग्णालयातली केसपेपरची खिडकी डोळ्यांसमोर आणा. नाव, गाव, वय विचारून झाल्यावर आतून आवाज येतो, 'काय होतंय?' मागे रांग आहे. रांगेत विंझरची कुणी आहे, मार्गासनीची कुणी आहे, त्यातली एक नणंदेच्या सासरची निघते. बाई म्हणते, 'डोकं दुखतंय.' खरं कारण ती गिळते. तिथून पुढे दोन दारं ओलांडून ती समुपदेशकाच्या टेबलापाशी पोचली, दार लोटलं गेलं, की तिचा पहिला प्रश्न आजाराबद्दलचा नसतो. 'ताई, हे कुठं जाणार नाही ना?' असा तो असतो. आजचा कायदा पाहता या प्रश्नाला 'नाही जाणार' असं उत्तर प्रामाणिकपणे देता येत नाही.

त्याच इमारतीत एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन चालतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तिथे कसोटी घालून दिली आहे. समोरच्या वादाचा निर्णय करायला ती माहिती न्यायाच्या हितासाठी आवश्यक आहे असं न्यायालयाने ठरवून आदेश दिला, तरच कुणाला आपली एचआयव्ही स्थिती उघड करायला भाग पाडता येतं. म्हणजे रक्तातल्या गोष्टीला कसोटीचं कवच आहे, मनातल्या गोष्टीला नाही.

दुसरी तफावत अधिक बोचरी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये कौटुंबिक न्यायालयांसाठी केलेल्या नियमांनुसार विवाह समुपदेशकापुढे झालेलं बोलणं आणि त्याची टिपणं गोपनीय असतात. दोन्ही पक्षांची संमती नसेल तर ती उघड करायला त्याला भाग पाडता येत नाही. महाराष्ट्राने हे फार शहाणपणाचं काम साडेतीन दशकांपूर्वी करून ठेवलं. पण कौटुंबिक न्यायालयं मुळात दहा लाखांवर वस्तीच्या शहरांसाठी आहेत, आणि ग्रामीण तालुक्यातला नवरा-बायकोचा वाद सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायाधीशापुढे किंवा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातो. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकापुढे रडलेल्या बाईचे शब्द सुरक्षित, आणि रुग्णालयातल्या समुपदेशकापुढे रडलेल्या भोरच्या बाईचे शब्द उलटतपासणीला खुले. राज्य एकच, दुःख एकच, अंतर पन्नास-साठ किलोमीटरचं.

३. सत्यशोधनाला कुंपणं पहिल्यापासून आहेत

समुपदेशकाला सूट देणं म्हणजे न्यायाच्या मूळ तत्त्वाला धक्का लावणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच कायद्यात आधी काय आहे ते पाहावं. पोलिसापुढे दिलेली कबुली सर्वसाधारणपणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. ती खरी असली तरी येत नाही. १८७२ च्या कायद्यात परकीय राज्यकर्त्यांनी हा नियम ठेवला, कारण कबुली मिळवण्याच्या रीतीने न्याय नासतो हे त्यांनाही दिसत होतं. स्वतंत्र भारताने तो कायदा नव्याने लिहितानाही हा नियम काढला नाही. कोणत्याही साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारण्याचा न्यायाधीशाचा अधिकार अफाट आहे, पण संरक्षण असलेल्या बोलण्यापाशी तोही थांबतो. तसं कलमातच लिहिलं आहे.

सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालाचं महत्त्व इथे कळतं. माणसाच्या इच्छेविरुद्ध नार्को चाचणी, पॉलिग्राफ किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. सुई टोचून मन उघडायला सरकारला मनाई आहे. मग तेच मन विश्वासाने उघडलेलं असताना, ते ऐकणाऱ्याला समन्स काढून आतलं काढून घ्यायला मुभा कशी? पुढच्या दाराला कडी घालून मागचं दार सताड उघडं ठेवण्यासारखं हे आहे.

वकिलाच्या बाबतीत न्यायव्यवस्था किती दक्ष आहे तेही पाहा. तपास यंत्रणा अशिलाला दिलेल्या सल्ल्याबद्दल वकिलांनाच समन्स काढू लागल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि अशा समन्सवर कडक बंधनं घातली. ते योग्यच झालं. पण वकिलाकडे माणूस जातो तो मालमत्ता, स्वातंत्र्य, पोटगी वाचवायला. समुपदेशकाकडे जातो तो बहुधा जीव वाचवायला. पहिल्या भेटीला इतकं जपणाऱ्या व्यवस्थेने दुसरीकडे पाठ फिरवावी, याला मला तरी काही कारण सापडत नाही.

याच्या उलट वाहणारा वाराही आहे. जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं बोलणं घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घ्यायला मान्यता दिली. नवरा-बायकोतल्या बोलण्याचं जुनं संरक्षण त्याने पातळ झालं. घरात बोललेलं सुरक्षित नाही म्हटल्यावर घराबाहेर एखादी तरी जागा सुरक्षित असण्याची गरज वाढते.

४. त्या वहीत नेमकं काय असतं

इथे मूळ गैरसमजाला हात घालायला हवा. समुपदेशकाच्या वहीत सत्य पडून आहे, ती उघडली की ते हाती लागेल, अशी समजूत आहे. ज्याने अशी टिपणं पाहिली आहेत तो असं म्हणणार नाही.

साक्षीदाराला न्यायालय विचारतं ते काय घडलं याबद्दल. समुपदेशक विचारतो ते काय वाटलं याबद्दल. पहिल्याचं उत्तर तपासून पाहता येतं: वेळ, जागा, उजेड, अंतर, दुसरा साक्षीदार. दुसऱ्याचं उत्तर तपासायचं नसतंच. समजा धरणाच्या पाण्यात एका बाईचं मूल बुडालं. ती घाटावर धुणं धूत होती, वळून पाहीपर्यंत ते दिसेनासं झालं. पुढे सहा महिने ती प्रत्येक बैठकीत एकच वाक्य म्हणते, 'मीच मारलं त्याला.' समुपदेशकाला कळतं की हा शोक आहे, आणि तो या वाक्यापाशी थांबून तिला हळूहळू बाहेर आणतो. वहीत मात्र तेवढे तीन शब्द राहतात. सासरच्या वकिलाने ती वही मागवली आणि तेवढी ओळ मोठ्याने वाचली, तर न्यायालयात ती कबुलीसारखी ऐकू जाईल. ओळ खरी, वाचणारा खरा, शपथ खरी, आणि निघालेला अर्थ साफ खोटा.

अत्याचार सोसलेल्या मुली समुपदेशकापाशी स्वतःलाच दोष देतात. 'मी गेलेच नसते तर', 'मी ओरडायला हवं होतं', 'माझंच चुकलं.' धक्क्यातून जाणारं मन असंच बोलतं. बचाव पक्षाला मात्र याच ओळी हव्या असतात. कॅनडात हे मोठ्या प्रमाणावर घडलं. आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेचे माजी मुख्याध्यापक बिशप ह्युबर्ट ओकॉनर यांच्यावरच्या खटल्यात तक्रारदार स्त्रियांच्या समुपदेशनाच्या नोंदी बचावाने मागितल्या. १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नोंदी मिळवायची जी वाट आखली, ती फार मोकळी आहे असं संसदेला वाटलं. तिने १९९७ मध्ये कायदा करून कसोटी कडक केली, आणि १९९९ मध्ये मिल्स खटल्यात न्यायालयानेही ती मान्य केली. त्याच १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने लैंगिक अत्याचारपीडितांच्या समुपदेशनाला वेगळं संरक्षण दिलं. दोन्हीकडे एकच गोष्ट लक्षात आली होती. या नोंदींतून आरोपीचं निर्दोषत्व क्वचित निघतं. पीडितेला लाजवण्याचं साहित्य मात्र नेहमी निघतं.

आपल्याकडे घटस्फोटाच्या दाव्यांत याची देशी आवृत्ती दिसते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. शारदा विरुद्ध धर्मपाल या २००३ च्या निकालाने वैवाहिक दाव्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो, आणि ती नाकारणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष काढता येतो, असं ठरवलं. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ च्या निकालात न्यायालयाने आजाराचं नुसतं नाव पुरेसं नाही, त्याची तीव्रता पाहावी लागते, असंही बजावलं होतं. पण गावात नावच पुरतं. बायको समुपदेशकाकडे गेली होती एवढा कागद हाती आला की 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' हे वाक्य दाव्यात लिहिलं जातं, आणि निकाल काहीही लागो, तालुक्यात ते कायमचं चिकटतं.

५. फोडलेलं गुपित पुन्हा मिळत नाही

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात हॉफमन इस्टेट्स इथे मेरी लू रेडमंड या पोलीस अधिकारी स्त्रीने रिकी ॲलन या माणसाला गोळी घातली. त्यात तो मरण पावला. नंतर तिने कॅरन बायर या समाजकार्यकर्तीकडे सुमारे ५० वेळा समुपदेशन घेतलं. मृताच्या कुटुंबाने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि ती टिपणं मागितली. समाजकार्यकर्तीने ती दिली नाहीत. तेव्हा न्यायाधीशाने ज्यूरीला सांगितलं की टिपणांत रेडमंडविरुद्ध मजकूर असावा असं तुम्ही धरू शकता. प्रकरण वर गेलं आणि जून १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही टिपणं संरक्षित ठरवली.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या निकालातला एक युक्तिवाद मला सर्वांत वजनदार वाटतो. टिपणं मागता येतात हे एकदा लोकांना कळलं, की पुढची टिपणं तयारच होणार नाहीत. माणूस बोलणार नाही, किंवा बोलेल ते जपून बोलेल. संरक्षण काढून घेतल्याने न्यायालयाच्या हाती ज्यादा पुरावा पडतो हा भास आहे. पहिल्या एक-दोन खटल्यांत पडेल, नंतर विहीर आटेल. आणि आटेल तेव्हा फक्त पुरावा जाणार नाही, उपचारही जाईल.

वेल्ह्याच्या डोंगरात ही विहीर आधीच उथळ आहे. इथला माणूस समुपदेशकापर्यंत पोचण्याआधी देवरुष्याकडे जाऊन आलेला असतो. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण घरातल्या एकुलत्या मोबाईलवरून, ओटीवर बसून, सासूच्या देखत त्यावर बोलता येत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाने, आशा कार्यकर्त्यांनी मोठ्या कष्टाने काही माणसं दारापर्यंत आणली आहेत. 'अमकीने सांगितलेलं कोर्टात वाचलं' अशी एकच बातमी भोरच्या एसटी स्टँडवरून पसरली तर ते कष्ट वाया जातील.

न्यायालयात आलेलं न्यायालयात राहतं, असं कुणी म्हणू नये. अभिनेता सुशांत सिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईच्या तत्कालीन पोलीस आयुक्तांनी पत्रकार परिषदेत त्यांच्या मानसिक आजाराचं नाव सांगितलं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तेव्हा अमलात होता. राज्याच्या राजधानीत, सर्वांत वरच्या अधिकाऱ्याकडून, सगळ्या देशासमोर हे झालं. तालुक्याच्या कोर्टात तारखेला आलेली माणसं बाकावर खेटून बसलेली असतात. कागद वाचला गेला की दुपारच्या गाडीने तो गावात पोचतो.

६. आक्षेप आणि उत्तरं

मुलांवरच्या अत्याचाराचं काय? हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि इथे मी गुप्ततेच्या बाजूने नाही. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, न देणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण होतं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती दडवल्याचा आरोप ठेवला गेला. नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी पुन्हा सुरू केली. मला हा निकाल योग्य वाटतो. मूल स्वतःचं गुपित स्वतः राखत नाही, बहुधा अत्याचार करणाराच ते त्याच्याकडून राखून घेतो. तरीही या नियमाला एक धारदार कडा आहे. सतरा वर्षांची मुलगी स्वेच्छेच्या संबंधातून गरोदर राहिली, तर पोलिसांच्या भीतीने ती दवाखान्यात येतच नाही, भलत्या ठिकाणी जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरला अहवालात तिची ओळख न देण्याची मुभा दिली. खबर द्यायची, नाव झाकायचं, ही वाट समुपदेशकालाही खुली असावी.

कुणाचा जीव धोक्यात असेल तर? तर बोलायलाच हवं. भारतातून कॅलिफोर्नियात शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने १९६९ मध्ये आपल्या मानसोपचारकाला एका मुलीला मारण्याचा बेत सांगितला होता. मुलीला कुणी सावध केलं नाही आणि तिचा खून झाला. टॅरासॉफ नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात १९७६ मध्ये तिथल्या न्यायालयाने थेरपिस्टवर संभाव्य बळीला वाचवण्याची जबाबदारी टाकली. आपल्या कलम २३ मध्येही हा अपवाद आहे. पण उद्याचा घात टाळायला आज पोलिसांना सांगणं वेगळं, आणि कालची टिपणं आणून उद्या खटला जिंकणं वेगळं. पहिल्यासाठी दिलेली मोकळीक दुसऱ्यासाठी वापरू देऊ नये.

झालेल्या गुन्ह्याची कबुली समुपदेशकापाशी दिली तर गुन्हेगार सुटेल, असंही विचारलं जातं. वकिलापाशी दिलेल्या कबुलीलाही संरक्षण आहे आणि त्यामुळे खटले थांबलेले नाहीत. पोलिसांनी आपला तपास करावा. हत्यार, रक्त, कॉलचा तपशील, प्रत्यक्षदर्शी यांवर गुन्हा सिद्ध करणं हे त्यांचं काम आहे. ते अवघड आहे म्हणून समुपदेशकाला बिनपगारी खबऱ्या करणं हा उपाय नव्हे. मात्र पुढचा गुन्हा करण्यासाठीच जे बोलणं झालं, त्याला वकिलाकडेही संरक्षण नाही, तसं इथेही नसावं.

खरा पेच एकच आहे. निरपराध माणूस तुरुंगात आहे आणि खऱ्या गुन्हेगाराने समुपदेशकापाशी कबुली दिली आहे. या ठिकाणी मी अमेरिकी निकालाइतका ताठर राहू शकत नाही. स्टीव्हन्स यांनी प्रत्येक खटल्यात तोल पाहणं नाकारलं, कारण आधी खात्री नसेल तर संरक्षण असून नसल्यासारखं होतं. ते मला सर्वसाधारणपणे पटतं. पण दुसऱ्याच्या शिक्षेवर माझं गुपित उभं राहू नये. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मॅक्क्लूर खटल्यात वकिलाच्या गुप्ततेलाही हा अपवाद ठेवला: आरोपीचं निर्दोषत्व दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सिद्ध होत नसेल, तरच, आणि न्यायाधीशाने आधी स्वतः एकट्याने कागद पाहून. इतकी अरुंद फट मला मान्य आहे.

शेवटी न्यायमूर्ती स्कॅलिया यांचा आक्षेप. रेडमंड खटल्यात त्यांनी विरोधी मत लिहिलं. माणूस मन मोकळं करायला आईकडे जातो, तिच्यापाशी बोललेल्याला कायदा संरक्षण देत नाही, मग समाजकार्यकर्तीला का, असा त्यांचा रोख होता. यातला पहिला भाग भोरच्या माणसाला पटकन पटेल, कारण इथेही दुःख आधी आईला, बहिणीला, मैत्रिणीला सांगतात. पण आईपाशी माणूस बोलतो ते कायद्याने संरक्षण दिलं म्हणून नव्हे, नातं आहे म्हणून. समुपदेशक परका असतो. परक्यापाशी बोलताना विश्वासाला दुसरा आधारच नसतो. शिवाय जिचं दुःख माहेरच्यांनाच सांगता येत नाही, तिच्यासाठीच ही परकी खुर्ची मांडलेली आहे. समाजकार्यकर्तीला वगळण्याच्या मुद्द्यावर तर बहुमताने दिलेलं उत्तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखं आहे: गरीब माणसाला मानसोपचारतज्ज्ञ परवडत नाही, त्याला समाजकार्यकर्तीच मिळते. वेल्ह्यात जी कुणी ऐकून घेते ती रुग्णालयातली समुपदेशक, महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षातली कार्यकर्ती किंवा परिचारिका असते. संरक्षण फक्त नोंदणीकृत तज्ज्ञाला दिलं तर ते त्याची फी भरू शकणाऱ्यालाच मिळेल.

७. काय करता येईल

साक्ष आणि पुरावा हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्र विधिमंडळ साक्ष्य अधिनियमात राज्यापुरती दुरुस्ती करू शकतं, राष्ट्रपतींची संमती मिळाली की ती लागू होते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये याच राज्याने देशाला वाट दाखवत केला होता. दुरुस्तीत व्याख्या कामाची असावी: मानसिक त्रासासाठी मदत म्हणून, एखाद्या रुग्णालयाच्या, शासकीय योजनेच्या किंवा नोंदणीकृत संस्थेच्या वतीने जो ऐकतो तो समुपदेशक. हक्क बोलणाऱ्याचा असावा, ऐकणाऱ्याचा नव्हे. बोलणाऱ्या व्यक्तीने संमती दिली तर समुपदेशकाने साक्ष द्यावी, कारण मारहाणीच्या अनेक प्रकरणांत तीच साक्ष तिच्या उपयोगाची असते. बाकी मागणी आली तर न्यायाधीशाने आधी तिचं ऐकावं, दुसरीकडून पुरावा मिळतो का पाहावं, कागद स्वतः बंद दालनात वाचावेत आणि नेमकी लागेल तेवढी ओळ द्यावी. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थापुढच्या बोलण्याला असं संरक्षण आहे, आणि त्यातच गुन्ह्याची धमकी, घरगुती हिंसा, बालकांवरचा अत्याचार हे अपवादही आहेत. नमुना तयार आहे. जमिनीच्या वादातल्या बोलण्याला ते द्यायचं कायद्याने ठरवलं, तर मरणाच्या विचारांबद्दलच्या बोलण्याला नाकारायचं कशासाठी?

यातलं थोडं विधिमंडळाची वाट न पाहताही होईल. दिवाणी प्रक्रियेचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला आहे. १९८८ ला कौटुंबिक न्यायालयांसाठी केलं ते तालुक्याच्या न्यायालयांतल्या वैवाहिक दाव्यांनाही लावता येईल. मुलाच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाचा अहवाल न्यायालयाने पाहावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पेरी कानसाग्रा प्रकरणात ठरवलं आहे. तेवढा अपवाद नियमात राहू द्यावा.

आणि आज, आत्ता, भोरच्या त्या टेबलामागे बसलेल्या ताईने पहिल्याच भेटीत समोरच्या बाईला खरं सांगावं: लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, न्यायालयाचा आदेश आला तर मला जावं लागेल, बाकी काही माझ्या तोंडून जाणार नाही. टिपणं त्रोटक लिहावीत, भेटीची तारीख आणि उपचाराची दिशा यांपुरती. रडताना निघालेली वाक्यं शब्दशः उतरवू नयेत. समन्स आलं तर एकटीने जाऊ नये, वकिलामार्फत बंद दालनात सुनावणी मागावी. आणि कुणी अंमलदार 'मॅडम, साहेबांनी फाइल मागवलीय' असं म्हणत दारात उभा राहिला, तर लेखी आदेश मागून त्याची प्रत वैद्यकीय अधीक्षकांकडे द्यावी. तोपर्यंत फाइल कपाटातून काढू नये. तसं करण्याचा अधिकार तिला आहे, हे अधीक्षकांनी तिला रुजू होण्याच्या दिवशीच लिहून द्यायला हवं.